ताप फक्त हृदयाचे ठोके वाढवतो?

ताप आला की नाडी जलद चालते, अंग गारठले की मंदावते. एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते आणि बहुतेकांची समजूत इथेच थांबते. तापमानाने ठोक्यांचा वेग तेवढा बदलतो, बाकी हृदय जसेच्या तसे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तापमान प्रत्येक ठोक्यामागच्या विद्युत् क्रियेचे रूपच बदलते, आणि त्यात पोटॅशियमचा वाटा फार मोठा आहे.

ठोक्याच्या सुरुवातीला सोडियमचे आयन हृदयाच्या पेशीत शिरतात, मागोमाग कॅल्शियमचे. मग पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि पेशी पूर्वस्थितीला येऊन पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. ही ये-जा पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांच्या सूक्ष्म वाटांतून होते. या वाटा म्हणजेच आयन चॅनेल. पोटॅशियमच्या अशा चॅनेलपैकी 'हर्ग' हे एक नाव लक्षात ठेवावे. हृदयातल्या एका प्रमुख पोटॅशियम प्रवाहाशी त्याचे नाते १९९५ साली उलगडले. पेशी पूर्ववत व्हायला लागणारा वेळ ईसीजीवर 'क्यूटी' या अंतरात दिसतो. ते अंतर फार लांबले, तर जिवावर बेतणारी अनियमित लय सुरू होऊ शकते.

उष्णतेने सगळी चॅनेल सारख्याच प्रमाणात वेगवान होतात, हाही एक गैरसमज. उघड्या चॅनेलमधून आयन वाहण्याचा वेग दहा अंशांच्या वाढीने साधारण दीडपट होतो. चॅनेल उघडण्या-मिटण्याचा वेग मात्र दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही अधिक वाढतो, कारण तिथे अख्ख्या प्रथिनाला आपला आकार बदलावा लागतो. शिवाय हे प्रमाण प्रत्येक प्रकारच्या चॅनेलमध्ये वेगळे. म्हणून तापमान बदलले की सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्या प्रवाहांचा मेळ ढळतो.

थंडीत हृदय नुसते संथ होते, हे म्हणूनच अपुरे आहे. शरीराचे तापमान बरेच उतरले की पोटॅशियमचे प्रवाह मंदावतात आणि क्यूटी लांबते. ईसीजीवर एक जादा उंचवटाही उमटतो. १९५३ साली जॉन ऑस्बॉर्न यांनी गारठवलेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत त्याचे वर्णन केले, आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हृदयाच्या भिंतीच्या बाहेरच्या थरात एक विशिष्ट पोटॅशियम प्रवाह आतल्या थरापेक्षा जोरकस असतो. या फरकातून तो उंचवटा येतो. तापमान २८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हृदयाची लय पार विस्कटण्याचा धोका खूप वाढतो. तरीही गारठून थांबलेले हृदय मेलेच असे नाही. १९९९ साली नॉर्वेत ॲना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात अडकली. तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते आणि हृदय बंद पडले होते. रुग्णालयात रक्त हळूहळू गरम केल्यावर ते पुन्हा चालू लागले आणि ती वाचली.

आता ताप. निरोगी माणसात तापाबरोबर हर्गचा प्रवाहही वाढतो, त्यामुळे ठोके वाढले तरी पेशी वेळेत पूर्ववत होतात. साध्या तापाने हृदय बिघडेल अशी धास्ती कुणी घेऊ नये. पण हर्गच्या जनुकात दोष असेल तर चित्र बदलू शकते. २००८ साली संशोधकांनी अशाच एका दोषाचे रुग्ण नोंदवले. ताप चढल्यावर त्यांची क्यूटी आणखी लांबली आणि हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडली. प्रयोगशाळेत कारण सापडले: तापमान वाढल्यावर जेवढा प्रवाह वाढायला हवा, तेवढा या सदोष चॅनेलमध्ये वाढतच नव्हता. एरवी निभावून जाणारी उणीव तापात उघडी पडली. ब्रुगाडा बंधूंनी १९९२ साली वर्णन केलेल्या विकारातही ताप असाच घातक ठरतो. तिथे जनुकीय कारण सापडलेच, तर ते बहुधा सोडियम चॅनेलचे असते.

केळ्यांतून पोटॅशियम घेऊन हर्गचा दोष भरून निघत नाही. मात्र रक्तातले पोटॅशियम घटले की हर्गचा प्रवाहही घटतो, हे खरे. तापासोबत जुलाब-उलट्या असतील तर शरीरातून पोटॅशियम जातेच, आणि दोन्ही संकटे एकदम येतात. त्यात काही औषधे हर्गला अडवतात. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्यांतले एक, आणि शरीराच्या तापमानाला ते प्रयोगशाळेतल्या खोलीच्या तापमानापेक्षा अधिक जोराने अडवते. एखादे औषध हर्गला किती अडवते याची चाचणी कोणत्या तापमानाला झाली, हा प्रश्न मला म्हणूनच कळीचा वाटतो.

तुमच्या घरात कुणाचा तरुण वयात आकस्मिक मृत्यू झाला असेल, कुणाला तापात भोवळ येऊन शुद्ध हरपली असेल किंवा लांब क्यूटीचे निदान झाले असेल, तर ताप अंगावर काढू नका. तो लवकर उतरवा, डॉक्टरांना हा कौटुंबिक इतिहास आधी सांगा आणि ताप असतानाच ईसीजी काढून घ्या.