पाण्यावरचे गाव आणि पोटाची साथ

मोठे पर्यटन जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक गावच असते. त्यात राहण्यासाठी शेकडो लहान खोल्या असतात. भोजनगृहे, दुकाने, पोहण्याचे तलाव, नाटक-गाण्यांची दालने आणि एक दवाखानाही असतो. तीन-चार हजार माणसे आठ-दहा दिवस या गावात राहतात. अशा सफरीला 'क्रूझ' म्हणतात. हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. या गावातून मनात येईल तेव्हा बाहेर मात्र पडता येत नाही. पुढचे बंदर येईपर्यंत सर्वांना एकत्रच राहावे लागते.

२१ जानेवारी २०१४ रोजी 'एक्सप्लोरर ऑफ द सीज' नावाचे असेच एक जहाज अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातून कॅरिबियन समुद्राकडे निघाले. जहाजावर ३,०७१ प्रवासी आणि १,१६६ कर्मचारी होते. कडाक्याच्या थंडीतून उबदार समुद्राकडे जायचे म्हणून लोक आनंदात होते. सफर दहा दिवसांची होती. पण थोड्याच दिवसांत जहाजाच्या दवाखान्यासमोर गर्दी होऊ लागली. कोणाला उलट्या होत होत्या, कोणाला जुलाब, तर कोणाला दोन्ही. सेंट थॉमस बेटाजवळ सरकारी आरोग्य अधिकारी जहाजावर चढले. ठरलेली काही बंदरे वगळली गेली आणि जहाज दोन दिवस आधीच माघारी आले. तोपर्यंत ६३४ प्रवासी आणि ५५ कर्मचारी आजारी पडले होते. म्हणजे दर पाच प्रवाशांमागे एक!

या साथीचे कारण होते नोरोव्हायरस नावाचा एक विषाणू.

नोरोव्हायरस हे नाव कोठून आले, ते पाहण्यासारखे आहे. या विषाणूची ओळख जहाजावर पटली नाही, एका शाळेमुळे पटली. अमेरिकेच्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचे गाव आहे. १९६८ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथील एका प्राथमिक शाळेत एक-दोन दिवसांतच जवळजवळ निम्मी मुले व शिक्षक उलट्यांनी हैराण झाले. तपास झाला, पण कोणताही जीवाणू सापडेना. रुग्णांचे नमुने जपून ठेवण्यात आले. पुढे १९७२ साली अल्बर्ट कपिकियन या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्या नमुन्यांत अतिशय बारीक गोल कण पाहिले. तोच हा विषाणू. गावाच्या नावावरून त्याला 'नॉरवॉक विषाणू' म्हणू लागले. नंतर त्याचे आणखी भाईबंद सापडले आणि सर्वांचे मिळून 'नोरोव्हायरस' असे नाव झाले. बिचाऱ्या गावाचा यात काय दोष? पण त्याचे नाव कायमचे या रोगाला चिकटले.

हा विषाणू किती लहान असतो? एका मिलिमीटरच्या अंतरात सुमारे ३७ हजार विषाणू एकापुढे एक मांडता येतील. तो तोंडावाटे पोटात जातो. त्यानंतर साधारण १२ ते ४८ तासांत माणसाला एकाएकी मळमळू लागते. मग उलट्या, जुलाब, पोटात कळा आणि कधी थोडा ताप येतो. बहुतेक लोक एक ते तीन दिवसांत बरे होतात. या आजाराला मारणारे औषध नाही आणि जीवाणूंवर चालणारी प्रतिजैविके येथे उपयोगी पडत नाहीत. शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हाच खरा उपचार होय. त्यासाठी जलसंजीवनी थोडी थोडी पाजत राहतात. फारच अशक्तपणा आला, तर शिरेतून सलाईन द्यावे लागते. धडधाकट माणूस यातून सहज उठतो. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांच्या शरीरातील पाणी मात्र लवकर आटते. त्यांच्या जिवाला धोका असतो.

आजारी माणसाच्या शरीरातून अब्जावधी विषाणू बाहेर पडतात आणि दुसऱ्याला आजारी पाडण्यासाठी त्यांतले शंभरही लागत नाहीत. उलटी होते तेव्हा डोळ्यांना न दिसणारे थेंब आजूबाजूला उडतात. ते कठड्यावर, दाराच्या मुठीवर, खुर्चीच्या हातावर बसतात. तेथे विषाणू कित्येक दिवस टिकून राहतो. मग कोणीतरी त्या मुठीला हात लावतो आणि तोच हात पावाला किंवा तोंडाला लावतो. जहाजावरील भोजनगृहांत बहुधा 'बुफे' असतो, म्हणजे ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचे. एकाच वाढण्याच्या चमच्याला तासाभरात शेकडो हात लागतात. विषाणूला एका पोटातून दुसऱ्या पोटात जायला याहून सोपी वाट कोणती?

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातून निघालेल्या एका जहाजावर अशीच साथ आली. शास्त्रज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. जहाजावर १,८४२ प्रवासी होते. त्यांना प्रश्नपत्रिका वाटण्यात आल्या आणि १,५३२ जणांनी उत्तरे लिहून दिली. त्यांपैकी २३६ जण आजारी पडले होते. सफरीच्या पहिल्याच दिवशी, प्रवासी जहाजात चढत असताना, एकाला सर्वांसमोर उलटी झाली होती. ज्या मजल्यावर ही उलटी झाली, त्या मजल्यावर राहणारे किंवा जेवणारे लोक जास्त प्रमाणात आजारी पडल्याचे आढळले. ज्यांच्या खोलीतील सोबती आजारी होता, त्यांनाही अधिक त्रास झाला. म्हणजे आजार जहाजात तयार झाला नव्हता. तो जिन्यावरून चढून आला होता.

त्या उत्तरांतून आणखी एक गोष्ट कळली. २३६ आजाऱ्यांपैकी ९५ जण जहाजाच्या दवाखान्यात गेलेच नव्हते. शंभरातले चाळीस! जहाजाच्या डॉक्टरांच्या वहीत त्यांची नावे नव्हती.

ते का गेले नसतील? थोडा विचार केला, तर अंदाज येतो. आजार सांगितला की डॉक्टर खोलीतच थांबायला सांगतात. उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान एक दिवस बाहेर पडू नये, असा सल्ला असतो. वर्षभर पैसे साठवून सफरीला आलेल्या माणसाला हे जड जाते. काहींना लाज वाटते. काहींना वाटते, समुद्र लागला असेल, उतरेल दुपारपर्यंत. बोटीवर मळमळणे तसे नवे नाही, त्यामुळे ही समजूत सहज पटते. पण अशा माणसाने एक वेळचे जेवण चारचौघांत घेतले, तरी तेवढे पुरते. आणि बरे वाटू लागल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ विषाणू शरीरातून बाहेर पडत राहतो.

प्रवाशांचा हा हिशेब झाला. पण जहाजावर आणखी हजारभर माणसे असतात, त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. खोल्या झाडणारे, ताटे उचलणारे, स्वयंपाक करणारे, कपडे धुणारे. ही माणसे फिलिपाइन्स, इंडोनेशिया, भारत अशा अनेक देशांतून आलेली असतात. गोवा, मुंबई आणि कोकणातील कितीतरी तरुण अशा जहाजांवर नोकरी करतात. साथ आली की सर्वांत जास्त काम यांच्यावर पडते. एरवीची कामे असतातच. शिवाय दिवसातून अनेकदा कठडे, लिफ्टची बटणे, दारे, टेबले क्लोरीनच्या पाण्याने पुसायची. उलटी साफ करायची तीही यांनीच. प्रवासी सफर संपली की घरी जातो. कर्मचारी त्याच जहाजावर राहतो, कारण काही तासांतच नवे प्रवासी चढणार असतात.

म्हणूनच एकदा शिरलेली साथ जहाजातून लवकर हटत नाही. २००२ साली 'अॅमस्टरडॅम' नावाच्या जहाजावर हे स्पष्ट दिसले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागोपाठ चार सफरींवर तेथे साथ आली. प्रत्येक वेळी प्रवासी बदलत होते, आजार मात्र तोच. शेवटी कंपनीला पुढची सफर रद्द करावी लागली. सुमारे दहा दिवस जहाज बंदरात उभे करून ते आतून बाहेरून धुऊन काढण्यात आले.

साफसफाई झाली असे म्हणणे आणि ती खरोखर होणे यांत फरक असतो. तो मोजण्यासाठी संशोधकांनी एक गंमतशीर युक्ती केली. एरवी डोळ्यांना दिसत नाही, पण विशिष्ट दिव्याखाली चमकते असे एक द्रव्य त्यांनी घेतले. त्याचे लहान ठिपके जहाजांवरील सार्वजनिक स्वच्छतागृहांत गुपचूप लावले. नळावर, कडीवर, दाराच्या मुठीवर. दुसऱ्या दिवशी दिवा लावून पाहिले. ठिपका पुसला गेला असेल, तर ती वस्तू साफ झाली होती. ५६ जहाजांवर आठ हजारांहून अधिक वस्तू अशा तपासल्या. त्यांतल्या रोज साफ होणाऱ्या वस्तू निघाल्या शंभरात फक्त ३७. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हे वाचून कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण एका माणसाला किती खोल्या आणि किती वेळ दिला होता, हेही विचारले पाहिजे.

आता हात धुण्याविषयी. २०२० च्या करोना साथीत आपण सर्वांनी सॅनिटायझर वापरले. त्यामुळे हातावर दोन थेंब चोळले की सर्व विषाणू मरतात, असा समज झाला. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते. अल्कोहोलने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असे आवरणच नाही. त्याचे कवच प्रथिनांचे आणि चिवट असते. त्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साबणानेही तो मरतोच असे नाही. पण साबणाचा फेस आणि हातांचे घासणे यांमुळे तो कातडीवरून सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. त्यासाठी किमान २० सेकंद हात चोळावे लागतात. वजू करताना आपण मनगटापर्यंत हात तीनदा धुतो आणि बोटे बोटांत घालून मधली जागाही ओली करतो. हात चोळण्याची रीत तीच, पण येथे साबण हवा आणि वेळही थोडा जास्त हवा. जहाजांच्या भोजनगृहाच्या दारात सॅनिटायझरची बाटली दिसते. ती पाहून हात धुण्याचे टाळणारे प्रवासी आपली फसवणूक करून घेतात.

उष्णतेलाही हा विषाणू लवकर दाद देत नाही. शिंपल्यांतील कालवे नुसती वाफवून खाल्ली, तर तो त्यांत जिवंत राहू शकतो. एकदा आजार झाला की पुन्हा होणार नाही, असेही नाही. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत आणि नवे प्रकार येत राहतात.

एवढे सगळे वाचून कोणालाही वाटेल की जहाज हे या रोगाचे घरच आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी शंभरात जेमतेम एक भरतात. बाकीच्या वृद्धाश्रमांत, रुग्णालयांत, उपाहारगृहांत आणि शाळांत होतात. जगभरात या विषाणूमुळे दरवर्षी सुमारे दोन लाख लोक मरण पावतात असा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील मुले सुमारे ५० हजार असतात आणि ती बहुतेक गरीब देशांतली असतात.

मग बातमी जहाजांचीच का होते? कारण तेथे मोजणी होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत जहाजांवर पोटाच्या साथी वारंवार येऊ लागल्या. तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जहाजांच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवण्यासाठी एक स्वतंत्र योजना सुरू केली. परदेशातून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या प्रवासी जहाजांची तपासणी करून त्यांना शंभरपैकी गुण दिले जातात. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. बंदरात येण्यापूर्वी किती जणांना जुलाब-उलट्या झाल्या, हे जहाजाला कळवावे लागते. प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी शंभरात तीन जण आजारी झाले, तर जहाजाच्या नावासह ती साथ जाहीर केली जाते.

जमिनीवर असे कोण मोजणार? लग्नाच्या मांडवात पाचशे माणसे एकत्र जेवतात आणि रात्रीच आपापल्या गावी जातात. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या साठ जणांना उलट्या होत असल्या, तरी ते साठ घरांत आणि दहा डॉक्टरांकडे विखुरलेले असतात. प्रत्येक डॉक्टरला पाच-सहाच रुग्ण दिसतात आणि प्रत्येक घरी म्हणतात, काल काहीतरी बाहेरचे खाल्ले असेल.