छपराचे वजन, छपराची बांधणी

घर बांधायला काढले की छपराची चौकशी दरापासून सुरू होते. चौरस फुटाला स्लॅब किती, कौले किती, पत्रा किती. पण गेल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्राने छपरांच्या दोन मोठ्या परीक्षा पाहिल्या. त्यांचा निकाल वजनावर लागला, आणि वजनापेक्षाही सांध्यांवर.

पहिली ३० सप्टेंबर १९९३ ची. गणपतींचे विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता साधारण ६.२, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. मृतांचा आकडा मात्र आठ हजारांच्या घरात गेला. घरे माळवदाची होती. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे आणि किलच, आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा थर. त्या कोरड्या, तापट मुलखात याहून शहाणे छत नव्हते. वैशाखातही आत गारवा राहायचा. पण गळती थांबवायला पावसाळ्याच्या तोंडाशी वर नवी माती पडायची आणि जुनी क्वचितच उतरायची. थर फूटभर धरला तरी चौरस मीटरला पाचशेच्या आसपास किलो भरतात. कित्येक घरांत तो त्याहून बराच जाड झालेला होता.

तरीही सगळा दोष मातीच्या माथी मारणे मला पटत नाही. खांब-तुळयांचा सांगाडा जिथे धड होता, तिथे भिंती ढासळूनही माळवद उभे राहिल्याची उदाहरणे पाहणीत आढळली. घात मुख्यतः भिंतींनी केला. दोन-तीन फूट जाडीच्या या भिंतींत आत-बाहेर दगडांचे दोन पदर आणि मधे चिखल-गोट्यांची भर असे. दोन्ही पदर गुंतवणारा आरपार दगड नसे, कोपरेही एकमेकांत नीट गुंफलेले नसत. हादऱ्याने पदर सुटले, भिंत फुगून फुटली आणि जिथे लाकडाचा आधार कमकुवत होता तिथे वरचा भार माणसांवर आला. नंतर मजबुतीकरणासाठी सुचवलेले उपायही म्हणूनच साधे होते: माळवदावरची माती कमी करायची, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू ठोकायचे, भिंतीचे पदर आरपार जोडायचे. लोकांच्या मनात मात्र दगडाची आणि मातीची जी धास्ती बसली ती बसलीच.

दुसरी परीक्षा वाऱ्याची. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. वारा ताशी १०० ते ११०, झोत १२० किलोमीटरपर्यंत. या झोताचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ६५-७० किलो वजनाइतका भरतो. आढ्याशी, कोपऱ्यांत आणि पागोळीच्या कडेला छपराला वर खेचणारी ओढ याहून जास्त असू शकते. आता समोर वजने ठेवा. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ किलो, मंगलोरी कौले ४० ते ४५ किलो, पाच इंची स्लॅब तीनशेच्या वर. स्लॅब सोडला तर नुसत्या वजनावर इथे कुणीच टिकत नाही.

कौलांच्या मदतीला त्यांच्या फटी येतात. शाकारलेल्या छपरातून हवा खेळते, त्यामुळे आतला-बाहेरचा दाब थोडा सारखा होतो. उडाली तरी कौले सुटी सुटी उडतात, अख्खे पाखे जात नाही. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पू भागात कारखाना काढला आणि यंत्रावर दाबलेले हे खाचेचे कौल पुढे कोकणभर पसरले. कौल पालथे करून पाहा. पोटाशी रिपेत अडकायला ओठ असतो आणि बऱ्याच बनावटींत तार ओवायला भोकाचा एक छोटा कानही. कौल बनवणाऱ्याने वाऱ्याचा विचार आधीच करून ठेवला आहे. आपण मात्र तार ओवत नाही. निदान कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यालगतच्या ओळी तरी बांधाव्यात. खर्च तारेचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा.

पत्र्याचे दुखणे वेगळे. तो सहसा हुकाच्या बोल्टपाशी फाटतो, नाहीतर खालच्या लोखंडी पट्टीसकट उपटतो. कडेला बोल्ट दाट हवेत, वॉशर रुंद हवेत आणि पट्टी भिंतीत खोल जखडलेली हवी. पागोळी फार लांब सोडली तर वारा तिलाच खालून उचलतो. पण तीन हजार मिलिमीटर पावसात जांभ्याच्या भिंती राखायच्या तर लांब पागोळी लागतेच. जुन्या घरांनी यावर पडवीचा तोडगा काढला होता. पडवीचे उतरते छप्पर वेगळे बांधले, तर ते गेले तरी मुख्य घर शाबूत राहते. नव्या आराखड्यांतून पडवी गाळली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

सिमेंटचा पत्रा स्वस्त पडतो, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही, गंजत नाही. त्याच्या बाजूने एवढेच बोलता येते. त्यातल्या अॅस्बेस्टॉसच्या धाग्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध आहे आणि साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे; आपल्याकडे तो अजून विकला जातो. अखंड असताना धोका कमी, फुटल्यावर किंवा करवतीने कापताना जास्त. वादळानंतर त्याचे तुकडे उघड्या हातांनी गोळा करू नयेत. ते ओले करून, तोंडाला मास्क लावून उचलावेत आणि भरावात टाकू नयेत. नवे घर बांधताना हा पत्रा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला स्लॅब. वाऱ्याला तो भारी आहे, आणि खांब-पट्ट्यांचा सांगाडा नीट असेल तर भूकंपालाही तोंड देतो. पण जुन्या जांभ्याच्या भिंतींवर, खाली काँक्रीटची पट्टी न देता तो ओतला, तर किल्लारीचीच चूक वेगळ्या सामानाने पुन्हा केल्यासारखे होते. खाऱ्या हवेत सळीवरचे काँक्रीटचे कवच अपुरे पडले की सळी गंजून फुगते, पोपडे सुटतात आणि गळती लागते. मग गळतीवर इलाज म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड चढते. कोकणात आज गावोगाव हेच दिसते. ही शेड घराच्या सर्वांत उंच जागी, चारी बाजूंनी उघडी असते, म्हणजे वाऱ्याला खालूनही वाट मिळते. तिचे खांब स्लॅबच्या सळ्यांत गुंतवलेत की गच्चीच्या कठड्यावर नुसते सिमेंटात रोवलेत, हे मे महिन्यात वर चढून पाहावे, आणि नुसते रोवलेले असतील तर पावसाआधी जखडून घ्यावेत.