अतिभरण दाबमापक
टर्बोभारित एंजिनाच्या आदान नलिकेतील दाब वातावरणीय दाबाच्या तुलनेत दर्शविणारे उपकरण. मासेराती बायटर्बो (१९८१) या इटालियन मोटारगाडीत संपीडक कार्ब्युरेटरच्या आधी असे. अशा रचनेत मापकाची नळी थ्रॉटल झडपेच्या एंजिनाकडील बाजूस जोडल्यास भार नसताना ऋण दाब दिसतो. अलीकडे जोडल्यास तो दिसत नाही. एंजिन बंद असता काटा शून्यावर नसल्यास दोष मापकातच असतो. दाब कमी दिसल्यास नळ्यांची गळती किंवा निष्कास वायूची उघडी अडकलेली उपमार्ग झडप तपासावी. तो जादा दिसल्यास ही झडप मिटलेली अडकली असण्याचा वा तिची नियंत्रक नळी फाटल्याचा संभव असतो. सिलिंडरात ठोके पडून दट्ट्या निकामी होऊ शकत असल्याने गाडी भारावर चालवू नये. इंधनाचा दाब अतिभरणाहून कमी पडल्यास मात्र मापक बिनचूक असूनही मिश्रण विरल होते.