शौचावाटे रक्त जाते? लपवू नका, तपासून घ्या

आमच्या ओळखीच्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. वर्षभर त्यांना जिना चढताना धाप लागायची, पाय ओढत चालायच्या. घरच्यांना वाटले, वय झाले, काम जास्त होते. एके दिवशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा सुनेने दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन निघाले ६. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारले, तेव्हा मावशी मान खाली घालून म्हणाल्या, "दीड वर्ष झाले, परसाकडे गेले की रक्त जाते. असले कुणाला सांगायचे?"

तपासणीत मूळव्याध निघाली. वेळेवर दाखवली असती, तर रक्त चढवण्याची पाळी आली नसती. या जागेचे दुखणे आपण नवरा-बायको एकमेकांनाही सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

रक्त कशामुळे जाते?

बहुतेक वेळा कारण साधे असते. नेहमी आढळणारी कारणे दोन.

पहिले, मूळव्याध. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. सतत कुंथल्याने त्या फुगतात आणि खाली सरकतात. शौचाच्या वेळी लालभडक रक्त थेंबथेंब पडते, कधी चिळकांडी उडते. बहुधा दुखत नाही. काहींना कोंब बाहेर आल्यासारखा लागतो.

दुसरे, फिशर म्हणजे चीर. कडक मळ बाहेर पडताना तिथली कातडी फाटते. काचेने कापल्यासारखे दुखते आणि नंतरही बराच वेळ आग होते. रक्त थोडेच असते. पण दुखेल या भीतीने माणूस जायचे टाळतो. मग मळ आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा फाटते.

दोन्हींच्या मुळाशी बहुधा बद्धकोष्ठता असते. गरोदरपणातही हा त्रास वाढतो. वस्तीत त्याला आणखी एक कारण आहे. सार्वजनिक संडासाला सकाळी रांग, दाराला कडी नाही, रात्री दिवा नाही. म्हणून आपल्या आयाबहिणी संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत आणि कळ दाबून ठेवतात. हा त्यांचा दोष नाही. स्वच्छ, उजेडाचा संडास मागणे हीसुद्धा आरोग्याचीच मागणी आहे.

"मला मूळव्याध आहेच" एवढ्यावर थांबू नका

रक्त इतर कारणांनीही जाते. रक्ती आव, आतड्याची सूज, आतड्यातली गाठ आणि काही वेळा मोठ्या आतड्याचा कॅन्सर. मूळव्याध असलेल्या माणसालाही कॅन्सर होऊ शकतो. जुने दुखणे समजून वर्ष निघून जाते आणि आजार पुढे सरकतो. हा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.

रंगावरून थोडा अंदाज येतो. लालभडक रक्त बहुधा खालच्या भागातले असते. मळात मिसळलेले, गडद रक्त वरच्या आतड्यातून येत असते. डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा मळ असेल, तर जठरातून रक्तस्राव होत असू शकतो. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांना हा धोका जास्त. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो आणि बीट खाल्ल्याने लालसर दिसतो. तरी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

लगेच दवाखान्यात जा, गरज पडल्यास १०८ ला फोन करा

• रक्त थांबत नाही, खूप जाते किंवा गुठळ्या पडतात.
• चक्कर, घाम, छातीत धडधड होते.
• मळ डांबरासारखा काळा आहे किंवा रक्ताची उलटी झाली.
• रक्तासोबत ताप आहे किंवा पोटात जोरात दुखते.
• रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि रक्त जाऊ लागले.
• लहान मुलाला रक्ताचे जुलाब होतात. वाटेत त्याला ओआरएस पाजत राहा.

याच आठवड्यात दाखवा

• रक्त मळात मिसळून किंवा शेंबडासारख्या चिकट स्रावासोबत येते.
• दोन-तीन आठवड्यांपासून शौचाची सवय बदलली आहे. कधी जुलाब, कधी कोंडा.
• वजन घटते, थकवा येतो, चेहरा पांढरट दिसतो.
• जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही.
• वय ४५ च्या पुढे आहे किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला आहे.

यातले काही नसेल, मळ कडक झाल्यावर एखाद्या वेळी थोडे लाल रक्त दिसले असेल, तर आधी घरचे उपाय करा. दोन आठवड्यांत थांबले नाही किंवा पुन्हा आले, तर मात्र दाखवा.

घरी काय करावे?

ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये आणि पेरूसारखे स्वस्त फळ रोजच्या जेवणात ठेवा. दिवसभर पाणी प्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा. इसबगोल घ्यायचा तर ग्लासभर पाण्यातून घ्या आणि वर आणखी पाणी प्या. कळ आली की जा. कुंथू नका, मोबाइल घेऊन बसून राहू नका. सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा बसल्याने आराम पडतो. पोट साफ होण्यासाठी मिश्री किंवा तंबाखूची सवय लावून घेऊ नका. त्याने दुसरेच आजार मागे लागतात.

तपासणीची भीती नको

डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. मग कुशीवर झोपवून, हातमोजा घालून बोटाने आणि गरज असेल तर छोट्या नळीने आत पाहतात. याला काही मिनिटे लागतात. थोडे अवघड वाटते, पण यातून बरेच कळते. बायकांनी महिला डॉक्टर मागावी. नसेल तर नर्स किंवा घरची बाई जवळ ठेवण्याचा आग्रह धरावा. शंका आली तर दुर्बिणीने मोठे आतडे तपासतात. रक्त किती दिवस, कोणत्या रंगाचे, दुखते का आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे सांगता आले पाहिजे.

"एका इंजेक्शनात मूळव्याध मुळासकट" अशा भिंतीवरच्या जाहिरातींना भुलू नका. पदवी नसलेल्या माणसाने लावलेल्या जहाल औषधाने जागा भाजते, आकसते आणि पुढे शौच होणेच कठीण होते. शिवाय निदान न करताच उपचार होतो, हे सर्वांत वाईट.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. शहरात जवळच्या महापालिका दवाखान्यातून सुरुवात करा. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कुणी जवळ जात नव्हते. तेव्हा तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतःच्या हाताने धुतले, बिछान्यावर निजवले आणि आजाऱ्याची सेवा करण्याचा उपदेश संघाला केला. ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. तथागतांना ज्याची किळस वाटली नाही, त्याची लाज आपण घरात का धरावी? आज जेवताना नको, पण निवांत वेळी आपल्या आईला, सासूबाईंना, वडिलांना एकदा विचारून पाहा. कदाचित त्या माणसाला कुणीतरी विचारायचीच वाट असेल.