विल्यम हाउस

विल्यम फाउट्स हाउस (१ डिसेंबर, १९२३ - ७ डिसेंबर, २०१२) हे अमेरिकन कर्णशल्यविशारद होते. अंतर्कर्ण, श्रवणचेता व कवटीचा तळ यांच्या शस्त्रक्रियांना त्यांनी नवे वळण दिले. कॉक्लियर इम्प्लान्ट हे श्रवण-उपकरण प्रयोगशाळेतून रुग्णांच्या नित्य वापरात आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कान आणि चेतासंस्था यांचा एकत्रित विचार करणाऱ्या न्यूरोटॉलॉजी या वैद्यकशाखेचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

शिक्षण

हाउस यांचा जन्म मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला व बालपण कॅलिफोर्नियात गेले. वडील दंतवैद्य होते. विल्यम यांनीही प्रथम दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि नौदलात दंतवैद्य म्हणून सेवा केली. त्यानंतर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९५३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून ते कान-नाक-घसा या विषयाकडे वळले. त्यांचे सावत्र बंधू हॉवर्ड हाउस हे नामवंत कर्णशल्यविशारद होते. लॉस एंजेलिस येथे त्यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली संशोधनसंस्था पुढे हाउस इअर इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध झाली. विल्यम यांचे बहुतेक कार्य याच परिवारात घडले.

श्रवणचेतेवरील गाठ

अंतर्कर्णातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेवर अकूस्टिक न्यूरोमा ही गाठ होते. ती कर्करोगाची नसते व सावकाश वाढते. परंतु वाढता वाढता ती मेंदूच्या खोडावर दाब आणते. त्या काळी कवटीच्या मागील बाजूने शिरून ही गाठ काढत. शस्त्रक्रिया जिवावर बेतणारी असल्याने गाठ बरीच मोठी होईपर्यंत वाट पाहण्याकडे कल असे. रुग्ण वाचला तरी चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारी चेता दुखावून अर्धा चेहरा लुळा पडणे नेहमीचे होते.

हाउस यांनी कानशिलाच्या हाडातून वाट काढली. शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक व दंतवैद्यकातील यंत्रांच्या जातीचे वेगाने फिरणारे छिद्रक यांच्या साहाय्याने अंतर्कर्णाचे हाड कोरून गाठीपर्यंत पोहोचता येते, हे त्यांनी दाखवून दिले. या मार्गाची कल्पना १९०४ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ पान्झे यांनी मांडली होती. मात्र पुरेशा साधनांअभावी ती मागे पडली होती. या पद्धतीत मेंदू फारसा बाजूला सारावा लागत नाही आणि चेहऱ्याची चेता आरंभीच ओळखता येते. त्या कानाची श्रवणशक्ती मात्र पूर्णपणे गमवावी लागते. लहान गाठींसाठी, श्रवण टिकवण्याची शक्यता राखणारा दुसरा मार्ग त्यांनी १९६१ मध्ये वर्णिला. त्यात कानाच्या वरच्या बाजूने कवटी उघडतात.

या कामात मेंदूशल्यविशारद विल्यम हिट्सेलबर्गर त्यांचे सहकारी होते. कर्णशल्यविशारद व मेंदूशल्यविशारद यांनी एकाच शस्त्रक्रियेत एकत्र काम करण्याची प्रथा त्यामुळे रूढ होत गेली. चेहऱ्याची चेता ओळखण्यास उपयोगी पडणारा हाडाचा एक बारीक उंचवटा आजही हाउस यांच्या नावावरून ‘बिल्स बार’ म्हणून ओळखला जातो.

ॲलन शेपर्ड

अंतराळात गेलेले पहिले अमेरिकन ॲलन शेपर्ड यांना मेनियरचा विकार जडला. भोवळ, कानातील नाद व बहिरेपणा ही त्याची लक्षणे असल्याने त्यांची उड्डाणे थांबली. हाउस यांनी १९६८ मध्ये त्यांच्या अंतर्कर्णातील वाढीव द्रवाला वाट करून देणारी बारीक नळी बसवली. पुढील वर्षी शेपर्ड पुन्हा उड्डाणासाठी पात्र ठरले आणि १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेत चंद्रावर उतरले. तथापि, या प्रकारच्या शस्त्रक्रियेचा गुण कितपत येतो, याविषयी नंतरच्या काळात तज्ज्ञांत मतभेद झाले.

कॉक्लियर इम्प्लान्ट

कॉक्लिया हा अंतर्कर्णातील गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा भाग होय. त्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे चेतासंदेशांत रूपांतर करतात. त्या नष्ट झाल्या, तर आवाज मोठा करणारे साधे श्रवणयंत्र निरुपयोगी ठरते. विजेने श्रवणचेता थेट उद्दीपित केल्यास ध्वनीची जाणीव होते, असे पॅरिस येथे जूर्नो व एरिएस यांना १९५७ मध्ये आढळले होते. तो वृत्तान्त वाचून हाउस यांनी या विषयाचा पाठपुरावा सुरू केला.

त्यांनी १९६१ मध्ये रुग्णांत बसवलेली पहिली उपकरणे शरीराला न मानवल्याने काढून टाकावी लागली. अभियंते जॅक अर्बन यांच्या सहकार्याने १९६९ मध्ये अधिक टिकाऊ उपकरण तयार झाले आणि १९७२ मध्ये रुग्णाला घरी वापरता येईल असा ध्वनिसंस्कारक उपलब्ध झाला.

या कामावर कठोर टीका झाली. विजेमुळे उरलीसुरली चेता नष्ट होईल, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत होते. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. कॉक्लियाच्या तळाशी उच्च स्वर व टोकाशी खालचे स्वर ओळखले जातात. हाउस यांच्या उपकरणाला मात्र एकच वाहिनी होती. त्यामुळे आवाजाचा जोर व लय कळे, परंतु निव्वळ ऐकून बोलणे समजणे बहुतेकांना शक्य होत नसे. बहुवाहिनी उपकरण सिद्ध होईपर्यंत थांबावे, असे टीकाकार म्हणत. आज बहिऱ्या असलेल्या माणसाला आज मिळू शकणारी मदत नाकारू नये, अशी हाउस यांची भूमिका होती. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या आश्रयाने झालेल्या तपासणीचा अहवाल १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्यास आणि स्वतःच्या आवाजावर ताबा ठेवण्यास रुग्णांना या उपकरणाची मदत होते, असे त्यात आढळले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८४ मध्ये या एकवाहिनी उपकरणाला प्रौढांसाठी मान्यता दिली. असा परवाना मिळालेले ते पहिलेच कॉक्लियर इम्प्लान्ट होते. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांच्या संशोधनातून साकारलेल्या बहुवाहिनी उपकरणाला मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच एकवाहिनी उपकरण मागे पडले. उपकरणाच्या रचनेबाबत टीकाकारांचे म्हणणे खरे ठरले. रोपण सुरक्षित व उपयुक्त असल्याबद्दल हाउस यांचे.

ज्यांची श्रवणचेताच निकामी झाली आहे त्यांच्यासाठी हाउस व हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये मेंदूच्या खोडावर विद्युताग्र बसवले. श्रवणासाठी केलेले अशा प्रकारचे ते पहिले रोपण होय.

उत्तरायुष्य

हाउस यांनी आपल्या अनुभवांवर आत्मकथन लिहिले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या ८९ व्या वर्षी ऑरेगन राज्यात त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी आधुनिक कॉक्लियर इम्प्लान्टच्या विकासाबद्दल ग्रॅम क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर व ब्लेक विल्सन यांना लास्कर पुरस्कार देण्यात आला.