जंताची गोळी फुकटच का हवी?

मातांनो, जंताची गोळी फुकट मिळते म्हणून तिला हलकी समजू नका. तिचा हिशोब एका अर्थशास्त्रज्ञाने मांडला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथले प्राध्यापक एडवर्ड मिगेल.

केनियातल्या बुसिया भागात १९९८ पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने गोळ्या दिल्या गेल्या. मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी हजेरी तपासली. गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला, कारण मातीत पडणारी जंतांची अंडीच कमी झाली.

पुढे काही शाळांत थोडे पैसे घेतले. फुकटच्या शाळांत ७५ टक्के मुलांनी गोळी घेतली, पैसे लावलेल्या शाळांत फक्त १९ टक्के. नुसत्या आरोग्यशिक्षणाने सवयीही बदलल्या नाहीत. म्हणजे गरिबाला उपदेश पुरत नाही, आणि छोटी फीसुद्धा दार बंद करते.

या आकडेवारीवर तज्ज्ञांत वाद झाले. तरी वीस वर्षांनी पाहिले, तर दोन-तीन वर्षे जास्त गोळी मिळालेल्यांची ताशी कमाई सुमारे १३ टक्के जास्त निघाली.

हवामानावरही त्यांचे काम आहे: आफ्रिकेत पाऊस चुकून कमाई बुडाली की यादवीचा धोका वाढतो.

आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत गोळी मोफत मिळते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आजारी असेल तर आधी ताईंना सांगा. आणि कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.