आवाजाचा कासरा

१८ मे १९८८ रोजी आकाशवाणीचं नॅशनल चॅनल सुरू झालं. कार्यक्रम दिल्लीच्या स्टुडिओतून व्हायचे, पण ते देशभर पोचवण्याचं काम नागपूरच्या ट्रान्समीटरकडे होतं. त्याची क्षमता १००० किलोवॉट आणि फ्रिक्वेन्सी १५६६ किलोहर्ट्झ होती. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा आयनांबराचा थर रात्री विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित होऊन या लहरी शेकडो किलोमीटर लांब जातात. म्हणून सेवा रात्रीची आणि जागा देशाच्या मध्यावरची.

१००० किलोवॉट हा आकडा मात्र फसवा आहे. ही शक्ती वाहक लहरीची असते आणि वाहक लहर मुकी असते. बातमी, गाणं, भाषण जे काही आपण ऐकतो ते तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये असतं. आवाजाने वाहक लहर ३० टक्के हलवली तर त्या पट्ट्यांत जेमतेम ४५ किलोवॉट शक्ती जाते. तीच ६० टक्के हलवली तर १८० किलोवॉट. ट्रान्समीटर तोच, अँटेना तोच, तरी आवाजाच्या वाट्याला चौपट शक्ती येते.

मग आवाज सरळ वाढवून का टाकत नाहीत? कारण १०० टक्क्यांच्या पलीकडे गेलं की लहरीच्या खालच्या टोकाला वाहक लहर क्षणभर शून्यावर येते, आवाज फाटतो आणि त्याचे तुकडे शेजारच्या स्टेशनांवर जाऊन पडतात. मध्यम लहरींवर हे शेजारी अवघ्या ९ किलोहर्ट्झवर असतात. त्यात माणसाचं बोलणं आणि तबल्याची थाप या गोष्टी मुळातच ओबडधोबड. सरासरी पातळी खाली असते आणि मधूनच एखादं शिखर कितीतरी वर उसळतं. त्या एका शिखरासाठी जागा राखून ठेवायची, तर बाकीचा सगळा कार्यक्रम कुजबुजल्यासारखा ऐकू येतो.

काटा आणि कान

नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. त्या काळी जगभरच्या रेडिओ केंद्रांत आवाजाची पातळी मुख्यतः माणूसच सांभाळत असे. समोर पातळी दाखवणारा व्हीयू मीटर, हाताखाली ती वरखाली करणारा फेडर. काटा लाल पट्ट्यात शिरला की फेडर खाली, वक्ता पुटपुटू लागला की वर. बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून १९३९ मध्ये हा मीटर प्रमाणित केला. त्याच्या काट्याला आपल्या जागी पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तो साधारण आपल्या कानासारखी सरासरी दाखवतो. तबल्याच्या थापेचं टोक त्याआधीच येऊन गेलेलं असतं. काट्याला ते दिसत नाही आणि दिसलं असतं तरी हात तेवढ्या चपळाईने हलला नसता.

म्हणून हे काम यंत्राकडे आलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ११०-ए हा अगदी सुरुवातीचा लिमिटर १९३७ सालचा. अशा सगळ्या यंत्रांचं तत्त्व एकच: बैलगाडीचा कासरा झटकन ओढायचा, पण सैल सोडताना हळूहळू सोडायचा. शिखर आलं की काही मिलिसेकंदांत आवाज दाबायचा आणि पूर्वपदावर मात्र सावकाश आणायचा. सोडण्याची घाई केली तर आवाज धापा टाकल्यासारखा वरखाली होतो. फार उशीर केला तर मोठ्या आवाजामागून आलेलं हळू वाक्य ऐकूच येत नाही. किती दाबायचं यापेक्षा किती वेळात दाबायचं आणि किती वेळात सोडायचं, हा या यंत्रांपुढचा खरा प्रश्न होता. जुन्या यंत्रांनी तो ज्या युक्त्यांनी सोडवला, त्यांतच त्यांची गंमत आहे.

प्रकाशाने दाबलेला आवाज

एलए-२ए हे यंत्र १९६० च्या दशकातलं. ते बनवणारे जिम लॉरेन्स पूर्वी क्षेपणास्त्र प्रकल्पातल्या प्रकाश-संवेदकांवर काम करत. त्यांनी आवाजाचा विद्युतप्रवाह एका प्रकाशणाऱ्या पट्टीला दिला आणि तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा रोधक ठेवला. आवाज मोठा झाला की पट्टी उजळते, उजेडाने रोधकाचा रोध कमी होतो आणि तेवढा आवाज बाजूला वळवला जातो. पट्टी विझली तरी कॅडमियम सल्फाइड लगेच पूर्वस्थितीला येत नाही. निम्मा आवाज सुमारे ६० मिलिसेकंदांत मोकळा होतो, उरलेल्याला अर्धा ते पाच सेकंद किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. जितका वेळ आवाज मोठा होता, तितकं हे सोडणं लांबतं. एरवी दोष ठरली असती अशी पदार्थाची ही सुस्ती इथे गुण ठरली, कारण ती कानाला खटकत नाही. रेडिओसाठी बनलेलं हे यंत्र गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात जाऊन बसलं आणि आजही नव्याने बनवलं जातं.

दुसरा प्रश्न शांततेचा होता. आलापात गायक थांबला की भाबडं यंत्र समजतं, आवाज कमी झाला. ते पातळी चढवत नेतं, तानपुरा, पंखा, श्रोत्यांचं खाकरणं सगळं पुढे येतं आणि गायकाचा पुढचा स्वर त्यावर आदळतो. १९६० च्या सुमारास सीबीएस लॅबोरेटरीजच्या ऑडिमॅक्सने यावर तोड काढली. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की यंत्र आहे तिथेच थांबून राहायचं. विराम आणि हळू बोलणं यांत फरक करणारं ते यंत्र होतं. त्याच्या मागोमाग वेगवान शिखरं कापायला व्हॉल्युमॅक्स हा जोडीदार असे.

एफएमची अडचण

एफएम आलं तसा प्रश्न बदलला. इथे मर्यादा वाहक लहरीच्या फ्रिक्वेन्सीच्या ७५ किलोहर्ट्झ विचलनाची. त्यात खरखर कमी करण्यासाठी उंच स्वर पाठवतानाच वाढवले जातात आणि आपल्या रेडिओत तेवढेच उतरवले जातात. भारतात वापरल्या जाणाऱ्या ५० मायक्रोसेकंदांच्या मापाने १५ किलोहर्ट्झचा स्वर जवळजवळ पाचपट होतो. त्यामुळे 'स', 'श' आणि झांजा आधी मर्यादा ओलांडतात. १९७५ मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांनी ऑप्टिमॉड ८००० आणला. त्यात आवाजाचा चढ-उतार आवळणारा कॉम्प्रेसर, उंच स्वरांचा वेगळा लिमिटर आणि स्टिरिओ संकेत तयार करणारा भाग एकाच पेटीत होता. हे भाग वेगवेगळे असताना एकाने बांधलेली शिखरं पुढच्या फिल्टरमध्ये पुन्हा उसळत. ती उसळी थांबली आणि आवाज न फाटता मोठा करता आला. त्याबरोबर 'माझं स्टेशन सगळ्यांत मोठं' ही स्पर्धाही जोरात आली.

जुनं यंत्र घरी आणताना

आज ही जुनी यंत्रं शौकीन लोक घरीही वापरतात. संवाद पुटपुटता आणि जाहिरात ठणठणीत असा टीव्हीचा आवाज समतल करायला किंवा जुन्या कॅसेटवरची भाषणं संगणकावर घेताना ती कामाला येतात. पण काही गोष्टी तपासायलाच हव्यात. अमेरिकेत वापरलेलं यंत्र असेल तर ते आपल्या २३० व्होल्टवर चालतं का, हे आधी पाहावं. एफएमचं यंत्र असेल तर त्यातली उंच स्वरांची वाढ बंद करावी, नाहीतर घरच्या स्पीकरवर आवाज कानात टोचेल. स्टुडिओची संकेत-पातळी घरगुती उपकरणांपेक्षा बरीच वर असते, तीही जुळवून घ्यावी लागते.

नागपूरकरांसाठी आणखी एक. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मेमध्ये पारा ४५ च्या वर जाणाऱ्या शहरात बंद कपाटात ठेवलेल्या जुन्या यंत्राचं काय होणार, ते सांगायला नको. आधी हे कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत. हे भाग स्वस्त असतात, त्यांच्यामुळे जळणारा ट्रान्सफॉर्मर नाही.

समतल म्हणजे मोठा नव्हे

कॉम्प्रेसरने आवाज फक्त कमीच होतो, हा गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. कॉम्प्रेसर शिखरं दाबतो, पण त्यानंतर एकूण पातळी उचलली तर सरासरी वाढते. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींमागेही हीच विद्या असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणजे ५५ वरून ८५ वर जाताना ती हजारपट झालेली असते. लिमिटर हे यंत्र मर्यादा पाळायलाही वापरता येतं आणि त्या मर्यादेला चोवीस तास चिकटून राहायलाही.

नॅशनल चॅनल बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने डिसेंबर २०१८ मध्ये घेतला. आवाज सांभाळणाऱ्या त्या जुन्या यंत्रांमागची विद्या मात्र आता टीव्हीत आणि मोबाइलमध्ये सॉफ्टवेअर होऊन बसली आहे. बहुतेक टीव्हींच्या सेटिंगमध्ये आवाज एकसारखा करणारा किंवा रात्रीचा असा पर्याय असतो. बातम्या आणि मालिकांना तो खुशाल चालू ठेवा. शास्त्रीय गाण्याची मैफल लावाल तेव्हा बंद करा. तिथला चढ-उतार हा दोष नसतो, तेच गाणं असतं.